कॅडमियम कुठं गेलं?

१

खड्ड्याच्या तळाशी असलेल्या टाकीतलं पाणी काचेसारखं नितळ होतं, आणि त्यात शिसं होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडला तेव्हा आलेखवाली नुकतीच येऊन बसली होती. आलेखवाली हे काही तिचं नाव नव्हे, पण तिच्या खोलीच्या भिंती वरखाली जाणाऱ्या रेघांनी भरलेल्या होत्या, त्यामुळं कारखान्यात सगळे तिला तेच म्हणत. कारखाना दुसऱ्यांची घाण निस्तरण्याचा होता. बॅटऱ्या फोडणारे, लोखंडाला मुलामा देणारे आपला विषारी गाळ इथं आणून टाकत. इथं तो सिमेंट आणि भट्टीची राख घालून कालवायचा, त्याचे ठोकळे पाडायचे आणि अस्तर घातलेल्या खोल खड्ड्यात ते रांगेनं रचायचे; त्यांच्यावरून झिरपलेलं पाणी तळाच्या टाकीत जमायचं. कालवायचं काय आणि किती, हे आलेखवाली ठरवायची. गाळ, सिमेंट, राख आणि पाणी यांची आपापसातली ओढाताण संपली, सगळं एकदाचं स्थिरावलं, की शेवटी कोण दगडात बसून राहील आणि कोण पाण्यात उतरेल, एवढाच हिशेब तिचा संगणक करायचा. समतोलाचा हिशेब.

त्या हिशेबाप्रमाणं शिसं दगडात बसून राहायला हवं होतं.

ती अहवाल घेऊन साहेबांकडे धावली. कारखान्याचे व्यवस्थापक, म्हणजे साहेब, आधीच फोनवर ओरडत होते. त्यांनी रिसीव्हर आपटला.

"तुमच्याआधी भांडारातून फोन आला. सिमेंटच्या गोण्या कमी आहेत. एकदोन नव्हेत, थप्पीच्या थप्पी गायब! आता सांगा, शिसं का सुटलं ते."

"सिमेंट चोरीला गेलं म्हणून ठोकळ्यांत कमी पडलं?"

"याला हिशेब कशाला लागतो? शेंबडं पोरही सांगेल."

तिनं मान हलवली खरी, पण तिचं लक्ष साहेबांकडे नव्हतं. त्यांच्या खिडकीतून उतारावरची कामगारांची चाळ दिसत होती. चाळीच्या नळांना पाणी देणारी विहीर उताराच्या तळाला होती, आणि खड्डा उताराच्या माथ्यावर. चाळीतल्या कडेच्या खोलीत तिची धाकटी बहीण राहत होती. धाकटीला सातवा महिना होता.

तिनं तिथूनच फोन लावला.

"नळाचं पाणी पिऊ नकोस. स्वयंपाकालाही घेऊ नकोस. कारण मागाहून सांगते."

पलीकडून धाकटी म्हणाली, "ताई, आत्ताच तांब्याभर प्यायले गं."

२

सरकारी खात्यातून तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्यातून माणसाकडे पोस्टाचा शिक्का वाचावा तशा बघणाऱ्या. त्यांनी आल्याबरोबर तळटाकीचं पाणी दाखवा म्हटलं, तर टाकी रिकामी. साहेबांनी घाबरून सकाळीच ती उपसून टँकर दूर पाठवला होता.

"पुरावाच पाठवलात की टँकरमधून," बाई म्हणाल्या.

"लोकांच्या जिवाचा प्रश्न होता!"

"तो अजूनही आहे. बसा."

भांडारावर जो म्हातारा होता, त्याला चाळ कुलूपकाका म्हणायची. चाव्यांचा जुडगा कंबरेला, आणि चालताना बैलगाडी आल्यासारखा आवाज. काका बाईंच्या समोर उभा राहिला. आलेखवाली कोपऱ्यात बसून ऐकत होती.

"कुलूप तुटलं होतं?"

"नाही."

"दुसरी चावी कुणाकडे?"

"कुणाकडे नाही."

"मग गोण्यांना पाय फुटले?"

काकाचा हात कंबरेच्या जुडग्याकडे गेला.

"काका, बाहेर फाटकाशी लोक जमलेत. तुम्ही सिमेंट विकून त्यांच्या विहिरीत विष कालवलंत, असं म्हणताहेत. तुम्ही बोलला नाहीत तर मला तुम्हाला पोलिसांच्या हवाली करावं लागेल. तेच त्यातल्या त्यात सुरक्षित."

म्हाताऱ्याची भीती चेहऱ्यावर लपत नव्हती. पण तो एवढंच म्हणाला, "मी एक गोणीही विकलेली नाही. याच्यापुढं मला विचारू नका, बाई."

नंतर आला मिक्सरवाला. गाळ कालवायचं यंत्र चालवणारा, आणि धाकटीचा नवरा. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. पूर्वी तो गवंडी होता; घरं बांधायचा.

"हाताला काय झालं?"

"कामाचे हात आहेत, बाई. फुटतात."

"ठोकळ्यांत सिमेंट कमी पडतंय, हे तुमच्या लक्षात नाही आलं? इतकी वर्षं गवंडीकाम केलंत."

"कमी?" तो एकदम म्हणाला, आणि लगेच खाली बघू लागला. "मी... नेहमीसारखंच घातलं."

जाता जाता त्यानं मेहुणीकडे पाहिलं. एरवी "काय ताई, आज किती रेघा ओढल्या?" असं चिडवल्याशिवाय तो पुढं जात नसे. आज तो तिच्या नजरेतून निसटून गेला.

मग बाई तिच्याकडे वळल्या.

"तुमचा हिशेब चुकू शकतो?"

"चुकू शकतो. मी आत जे घालते तेवढंच त्याला कळतं. मी घालते एक आणि मिक्सरमध्ये पडतं दुसरंच, तर तो मुकाट्यानं खोटं बोलेल."

"माणसांपेक्षा बरा. माणसं मुकाट्यानं बोलत नाहीत." बाई उठल्या. "उद्या दुपारपर्यंत मला नाव हवंय. तुमच्या साहेबांनी उद्या सिमेंटच्या गाड्या बोलावल्यात, ऐकलं ना? अख्ख्या खड्ड्यात सिमेंटचा पातळ माल ओतणार आहेत. कमी पडलं म्हणता ना, म्हणाले, मग पुरून उरेल एवढं घालतो."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेखवालीनं चोराला संगणकात घातलं.

म्हणजे असं, की ठोकळ्यातलं सिमेंट तिनं पाव भागानं कमी केलं. मग निम्मं केलं. सिमेंट कमी पडलं की ठोकळ्याच्या आतलं पाणी हवं तेवढं चुनकट, म्हणजे अल्कधर्मी, राहत नाही, आणि धातू सुटू लागतात. रेघा वर सरकल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच गेली कॅडमियमची रेघ, पाठोपाठ निकेल. शिसं त्यांच्या मागून, रेंगाळत. बरोबर होतं. त्या गाळात तिघंही होती, आणि तिघांत शिसं सगळ्यात उशिरा उठणारं.

तिनं अहवाल पुन्हा उघडला. शिसं: भरपूर. निकेल: नगण्य. कॅडमियम: आढळलं नाही.

तिनं प्रयोगशाळेला फोन लावला. "कॅडमियम तपासायचं राहिलं का?"

"दोनदा तपासलंय, मॅडम. नाहीच आहे."

"पाण्याचा सामू किती होता? चुनकट किती होतं पाणी?"

"ते कसं सांगणार? धातूंसाठीच्या बाटलीत आम्ही आधीच आम्लाचे थेंब टाकतो, नाहीतर धातू काचेला चिकटतो. मूळ पाणी कसं होतं ते त्यातच गेलं."

आणि टाकीतलं पाणी टँकरनं गेलं होतं.

कॅडमियम कुठं गेलं? फाटक उघडलं, शिसं बाहेर पडलं, आणि त्याच्याआधी पळायला टपलेलं कॅडमियम मात्र आत शहाण्यासारखं बसून राहिलं? असं फाटक असतं का?

ती बाईंना घेऊन खड्ड्यावर गेली. रांगांवर रंगानं आकडे घातलेले होते. जुन्या रांगांतले ठोकळे करडे होते. अलीकडच्या रांगांवर पांढरी साय आली होती, ओल्या भिंतीवर येते तशी. आलेखवालीनं हातोडा आणि छिन्नी घेतली. सिमेंट कमी असलेला ठोकळा बिस्किटासारखा फुटायला हवा.

हातोडा टणकन उसळला. मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"हा कमी सिमेंटचा?" बाईंनी विचारलं.

ती पळत खोलीत परतली आणि संगणकातलं सिमेंट वाढवलं. आणखी वाढवलं. कॅडमियमची रेघ तळाला झोपली. निकेलही झोपलं. शिशाची रेघ मात्र आधी खाली आली, तळ गाठला, आणि मग, सिमेंट वाढत गेलं तशी, पुन्हा चढू लागली. चढत चढत ती अहवालातल्या आकड्याजवळ येऊन पोचली.

हा वाकडा तळ तिला माहीत नव्हता असं नाही. ज्या आलेखावरून तिनं मिश्रण ठरवलं होतं, त्यात तो होताच. म्हणून तर तिनं सिमेंट बेतानं धरलं होतं आणि राख जास्त. शिशाला थोडं चुनकट पाणी दिलं तर ते बसतं. फार चुनकट दिलं तर पुन्हा विरघळतं. सिमेंट कमी पडलं असेल, हे मात्र साहेबांसारखंच तिनंही धरून चाललं होतं.

"बाई, चोरी झालेलीच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "गोण्या गेल्या त्या ठोकळ्यांतच गेल्या. कुणीतरी जास्तीचं सिमेंट घातलंय."

"वाईट करायला जास्तीचं घालतं कोण?"

"वाईट करायला नाही."

बाईंनी चष्मा पुसला. "मिक्सरमध्ये हात घालणारा माणूस एकच आहे ना इथं?"

तिला नाव घेता आलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. दुपारी गाड्या येणार होत्या. खड्ड्यात आणखी सिमेंट. दुपारला अजून अवकाश होता; त्याआधी तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मला अर्धा तास द्या," ती म्हणाली.

"अर्ध्या तासात माणूस पळूनही जातो."

"तो पळणार नाही. त्याची बायको चालतानाही दमते."

बाईंनी घड्याळात पाहिलं. "जा."

४

धाकटी दारातच बसली होती. मागं मोरीत रिकामे हंडे पालथे घातलेले. शेजारणीनं बाहेरून आणलेल्या पाण्याची बाटली तिनं मांडीवर मुलासारखी धरली होती.

"ताई, काल संध्याकाळपासून बाळ हललं नाहीये नीट. का मीच घाबरून मोजत बसलेय?"

"मोजू नकोस. आपण आज डॉक्टरकडे जाऊ. भावोजी कुठं आहेत?"

मिक्सरवाला आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. तिला पाहून त्यानं हात मागं घेतले.

"दाखवा हात."

"ताई..."

"दाखवा म्हणते ना."

त्यानं फडकी सोडली. तळवे ओल्या सिमेंटनं खाल्ले होते, जागोजागी कातडी उकललेली. मिक्सरला ठरलेलं सिमेंट नळीतून आपोआप येतं. वरून हातानं गोण्या ओतणाऱ्याचेच हात असे होतात.

"कधीपासून?"

तो मटकन खाली बसला. "हिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून." मग शब्द भडाभडा बाहेर पडले. "ताई, आयुष्यभर घरं बांधली मी. मालात राख मिसळणाऱ्या मुकादमाला आम्ही शिव्या घालायचो. इथं बघतो तर मूठभर सिमेंट आणि ढीगभर राख! साहेबांना विचारलं, तर म्हणाले, संगणकानं सांगितलंय, तू गप कालव. मला वाटलं, पैसे वाचवताहेत. खड्डा वर आणि विहीर खाली. माझं पोर त्या विहिरीचं पाणी पिणार. मग मी म्हटलं, माझ्या हातचा ठोकळा तरी असा करीन की शंभर वर्षं त्याला तडा जाणार नाही."

"तडा नाही गेला," आलेखवाली म्हणाली. "म्हणूनच सुटलं शिसं. तुम्ही पाणी इतकं चुनकट केलंत की शिसं विरघळून बाहेर आलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते कळायला वेळ लागला. कळलं, तेव्हा त्यानं आपले उघडे तळवे समोर धरून पाहिले.

दारातून धाकटी म्हणाली, "म्हणजे तू? माझ्यासाठी?"

"मला का नाही विचारलंत?" आलेखवालीनं विचारलं. "एका ताटात जेवतो आपण."

"तुमचीच ती रेघ. तुमच्या तोंडावर कसं म्हणू, की तुमच्या रेघेवर माझा विश्वास नाही?"

आलेखवालीनं दुसरंच विचारलं, "गोण्या कशा मिळाल्या?"

"काकांनी दिल्या. त्यांची नातही इथंच आहे ना. काल म्हणाले, तू तोंड उघडायचं नाहीस, पोर पोटुशी आहे, माझं काय, पिकलं पान. मी... मी ऐकलं त्यांचं. भित्रा आहे मी, ताई."

बाहेर, उताराच्या माथ्यावरून, जड गाडीचा घुरघुराट आला. मग दुसऱ्या गाडीचा.

आलेखवाली धावली. मिक्सरवाला तिच्या मागून, उघड्या हातांनी.

५

पहिली गाडी खड्ड्याच्या काठाशी उलटी लागत होती. तिचं पिंप गरगरत होतं. साहेब हातवारे करत होते, फाटकातले लोक कुंपणाला चिकटले होते, आणि एका बाजूला दोन शिपायांच्या मध्ये कुलूपकाका उभा होता, कंबरेला चाव्या नसलेला.

"थांबवा! सिमेंट ओतू नका!" आलेखवाली ओरडली.

"का? आता सिमेंटही वाईट?" साहेब म्हणाले. "उद्या म्हणाल पाण्यानं आग लागते."

"तुम्ही हे ओतलंत तर आत्ता सुटलंय त्याच्या कितीतरी पट शिसं सुटेल."

"बाई, ऐकताय ना? ज्यांचा हिशेब फसला, त्याच आता उपाय अडवताहेत!"

कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "ओता! ओता!" आणि सगळी चाळ तेच म्हणू लागली. ज्यांना वाचवायचं तेच ओरडत होते. आलेखवालीला वाटलं, आपला आवाज आता कुणापर्यंत पोचणार नाही.

तपासनीस बाई गाडीच्या मागच्या चाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चालकानं ब्रेक मारला.

"मला दाखवा," त्या आलेखवालीला म्हणाल्या. "रेघ नको. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी."

तिनं जुन्या रांगेतल्या ठोकळ्याचा तुकडा आणवला आणि नव्या रांगेतल्या ठोकळ्याचाही. नवा तुकडा काढायला मिक्सरवाल्यालाच घण घ्यावा लागला. दोन्ही कुटून दोन काचपात्रांतल्या पाण्यात ढवळले, गाळून घेतले. गाड्यांची पिंपं फिरतच होती. चालक म्हणत होता, माल घट्ट होईल. दोन्ही पाणी सारखंच निर्मळ दिसलं. तिनं सामू तपासायची कागदी पट्टी जुन्या पाण्यात बुडवली: हिरवट निळी. नव्या पाण्यात: गडद जांभळी.

मग तिनं सल्फाइडचं द्रावण घेतलं. "शिसं असेल तर काळं होईल. कॅडमियम असेल तर पिवळं." आपला हिशेब इथं सगळ्यांसमोर चुकला तर गाडी ओतली जाणार होती, आणि मग तो पुन्हा करायला कुणी उरणार नव्हतं असं तिला वाटलं.

जुन्या पाण्यात थेंब पडला. काही झालं नाही.

नव्या पाण्यात थेंब पडला. आधी तपकिरी धूर पसरावा तसं झालं, मग सगळं पात्र काळवंडलं. पिवळा रंग कुठंच नव्हता.

कुंपणावरचा आवाज बंद पडला.

"जास्त सिमेंटवाला कुठला?" बाईंनी विचारलं.

"काळा," मिक्सरवाला म्हणाला, आणि पुढं आला. "मी घातलं. चोरी नाही केली कुणी. काकांना सोडा."

"गप्प बस रे मूर्खा," कुलूपकाका कळवळून म्हणाला. "मी सांगितलं होतं ना तुला!"

"सांगितलं होतंत, काका. पण चोर सोडून संन्याशाला फाशी कसं चालेल?"

"इथं चोरच नाही," बाई म्हणाल्या. "दोन घाबरलेली माणसं आहेत, आणि एक साहेब आहेत ज्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला गप कालव म्हणून सांगितलं. कुणी काय केलं ते मी तिघांचंही लिहून घेणार आहे, साहेब. तुमचंही. अति तिथं माती म्हणतात. इथं मातीत शिसं आहे एवढंच. गाड्या परत पाठवा."

साहेबांनी काळ्या पाण्याकडे पाहिलं आणि चालकाला हातानं खूण केली.

"आता करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"नव्या रांगा उपसायच्या, फोडायच्या. राख आणि फॉस्फेट घालून पुन्हा कालवायच्या, म्हणजे चुनकटपणा उतरेल आणि शिसं बसेल."

"आणि विहीर?"

याचं उत्तर संगणकात नव्हतं. टाकीच्या तळाला चीर होती का, मधल्या मातीनं शिसं धरलं का, धरलं तर किती, हे तिनं त्याच्यात कधी घातलंच नव्हतं.

६

विहिरीचं पाणी, नळाचं पाणी आणि चाळीतल्या सगळ्यांचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. डॉक्टरनं धाकटीच्या पोटावर नळी फिरवली, तेव्हा बाळाचे ठोके खोलीभर ऐकू आले. मिक्सरवाला बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत होता. आत यायची त्याची हिंमत झाली नाही. ते सगळे दिवस धाकटी ताईच्या घरी राहिली, आणि नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो रोज यायचा, दारात उभा राहायचा, जायचा.

तपासनीस बाईंचा फोन आला तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात होती. तो दाराच्या आत एक पाऊल आलेला.

"रक्तं ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "तुमच्या बहिणीचंही. विहिरीत आणि नळात शिसं नाही. चिकणमातीनं धरलं असावं. आज नाही, एवढंच मी सांगते. दर आठवड्याला तपासणार आहोत. विहीर सुरू करायला हरकत नाही."

आलेखवालीनं शब्दाला शब्द सगळं सांगितलं, "आज" सुद्धा गाळला नाही. मिक्सरवाल्यानं पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. चाळीच्या नळाचं पाणी. त्यानं ते का आणलं, त्यालाही सांगता आलं नसतं.

धाकटीनं पेला भरला. ओठांपर्यंत नेला. परत खाली ठेवला.

"कळतंय गं मला. स्वच्छ आहे. तू सांगतेस, बाई सांगतात. पण घशाखाली उतरत नाही."

"मी पितो आधी," मिक्सरवाला म्हणाला.

"तू नको." ती त्या दिवसांत प्रथमच त्याच्याशी बोलली. "तू काय, माझ्यासाठी विषही पिशील. त्यानं मला काय कळणार?"

ती ताईकडे बघत होती.

आलेखवालीनं पेला उचलला. आकडा तिला पाठ होता, यंत्राची अचूकता पाठ होती. तरी पाणी तोंडाशी आलं तेव्हा ती थबकली, आणि रोज गोण्या ओतताना मेहुण्याला काय वाटत असेल ते तिला प्रथमच कळलं. ती अर्धा पेला प्यायली. पाणी गार होतं, आणि पाण्यासारखं लागत होतं.

तिनं उरलेला अर्धा पेला पुढं केला.

धाकटीनं डोळे मिटले आणि तो एका दमात संपवला. मग तिनं पेला नवऱ्यासमोर धरला.

"भर," ती म्हणाली.